काँक्रीट पॉलिश पुन्हा पुन्हा पांढरट पडतंय? मशीन बोलावण्याआधी हे तपासा

शोरूम असो, गोदाम असो, कॅफे असो की जिम, फोन एकाच तऱ्हेचा येतो. "पॉलिश केलं तेव्हा आरशासारखं होतं हो. चार महिन्यांत पांढरट झालं. ठेकेदार येऊन बफ मारून गेला, पंधरा दिवस बरं, मग ये रे माझ्या मागल्या."

मी पुणे, चाकण, भिवंडी या पट्ट्यात काँक्रीट पॉलिशिंग करतो. नव्या कामांइतकीच ही दुरुस्तीची कामं हातात असतात. त्यातली काही माझ्याच जुन्या कामांची होती, हेही आधीच सांगून टाकतो. या दुखण्यावर नुसता बफ मारत राहणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. पांढरेपणा वरून आलाय, पॉलिश करतानाच राहून गेलाय की खालून वर येतोय, हे ठरल्याशिवाय मशीन लावून काही उपयोग नाही. खाली दिलेला क्रम मी स्वतः वापरतो. सुरुवातीच्या तपासण्यांना खर्च जवळजवळ नाही, पुढे पुढे वेळ आणि पैसा लागत जातो. क्रम सोडून उड्या मारू नका. भिवंडीत एकाने वीस हजार फुटांवर नवा गार्ड, म्हणजे वरचा पातळ संरक्षक हात, मारून घेतला होता आणि दुखणं निघालं पावसाच्या पाइपात. ते पुढे सांगतो.

आधी पॉलिश म्हणजे काय ते थोडक्यात, नाहीतर तपासण्यांचा अर्थ लागणार नाही. काँक्रीटचं पॉलिश म्हणजे वरून दिलेला रंग किंवा इपॉक्सीसारखा कोट नव्हे. ग्राइंडरला डायमंडचे मेटल सेगमेंट लावून आधी ३०-४०, मग ६०-८०, मग १२० ग्रिटने जमीन घासतात (आकडा जितका मोठा, तितकी घासणी बारीक). मग डेन्सिफायर देतात. हा सोडियम, पोटॅशियम किंवा लिथियम सिलिकेटचा द्राव असतो. काँक्रीटमध्ये शिल्लक असलेल्या चुन्याशी त्याची प्रक्रिया होते आणि छिद्रांत सिमेंटच्याच जातीचा कडक पदार्थ तयार होतो. नंतर रेझिन पॅड: १००, २००, ४००, ८००, १५००, कुणाला हवं असेल तर ३०००. प्रत्येक पॅड आधीच्या पॅडचे ओरखडे काढून स्वतःचे बारीक ओरखडे ठेवतो. ते इतके बारीक होतात की उजेड विस्कटत नाही, सरळ परततो. तीच चमक. शेवटी डाग पटकन मुरू नयेत म्हणून पातळसा गार्ड देऊन तो बर्निशरने, म्हणजे वेगाने पॅड फिरवणाऱ्या मशीनने, तापवून बसवतात. म्हणजे पांढरट दिसण्याची कारणं दोनच: पृष्ठभागावर काहीतरी बसलंय, किंवा पृष्ठभागच खरबरीत झालाय.

लक्षणं

दिवे बंद करा, शटर उघडा आणि उजेडाकडे तोंड करून लांबून जमिनीकडे बघा. डोक्यावरच्या एलईडीखाली सरळ खाली बघून काहीच कळत नाही.

- सगळीकडे एकसारखी धुरकट झाक आहे आणि बोट ओढलं की रेघ उमटते: वर थर बसलाय. पुसण्याच्या पाण्यावर संशय.
- थेंब, शिंतोडे, ओघळ, बादलीच्या बुडाचं गोल कडं असे आकार आहेत, कडा स्पष्ट आहेत आणि कितीही पुसलं तरी जात नाहीत: आम्लाने खाल्लंय. पँट्री, वॉशरूमचं दार, बिलिंग काउंटर ही याची ठरलेली ठिकाणं.
- येण्याजाण्याची वाट मंद आहे, पण कपाट सरकवलं की खाली अजून चकाचक: घासट. माती किंवा चुकीचं पॅड.
- जॉइंट, भेगा, कॉलमचा पाया किंवा बाहेरच्या भिंतीलगत पांढरी पूड येते, झाडली की जाते आणि पावसाळ्यात परत येते: खालून ओल.
- ढगासारखे कडक, काचेरी पांढरे चट्टे पहिल्या दिवसापासूनच आहेत: डेन्सिफायर धुतला गेला नाही.
- संध्याकाळचं तिरकं ऊन आलं की एकात एक गोल रेघा दिसतात: मधले ग्रिट सोडलेत.
- पूड सुटते, चाकाखाली पापुद्रे निघतात: वरचा थरच कच्चा. हे सगळ्यात वाईट.

एकाच जागी दोन-तीन लक्षणं सापडतील. ते नेहमीचंच आहे. जे लक्षण सगळ्यात मोठ्या भागात आहे, तिथून सुरू करा.

१. बादलीत काय आहे ते बघा

खर्च शून्य, फक्त सकाळी लवकर उठावं लागतं. "आम्ही न्यूट्रल क्लीनरच वापरतो" असं मॅनेजर सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. ऑर्डर न्यूट्रल क्लीनरचीच गेलेली असते. बादलीत काय जातं, ते मात्र त्यांनी पाहिलेलं नसतं.

पुण्याजवळच्या एका फर्निचर शोरूममध्ये मी तीनदा जाऊन डाग काढून आलो होतो. चौथ्या वेळी मशीन गाडीतच ठेवलं आणि सकाळी सात वाजता बाकड्यावर जाऊन बसलो. मावशी आल्या, बादली भरली, दोन झाकणं क्लीनर ओतलं. इथपर्यंत सगळं ठीक. मग काउंटरपाशी चहाचा डाग दिसला, तशा त्या आत गेल्या, निळी बाटली घेऊन आल्या आणि टॉयलेट क्लीनर डागावर थेट पिळला.

"मावशी, हे कशाला?"

"अहो दादा, डाग राहिला की साहेब ओरडतात. ह्याने लगेच निघतो बघा."

डाग निघाला, खरंच निघाला. कारण डागाखालचं पॉलिशही त्याच्याबरोबर निघालं. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि सिमेंटमधली चुन्याची संयुगं त्यात काही मिनिटांत विरघळतात. फसफस दिसली ना, ती तुमची चमकच निघून जात असते. यात मावशींची चूक काय? काँक्रीट आणि वॉशरूमची टाइल यांत फरक असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नव्हतं. हँडओव्हरची फाइल मॅनेजरच्या कपाटात होती, इंग्रजीत.

लिंबू, व्हिनेगर, कोकम, चिंच, ताक, कोल्ड्रिंक ही सगळी याच जातीची, फक्त जोर कमी. गार्ड असला तर पुसायला थोडा वेळ मिळतो, बाकी कायमचं संरक्षण नाही. मार्बल-कोटा पॉलिशवाल्यांची ऑक्झॅलिक पावडरही इथे नको. दगडावर ती त्यांची हातखंडा वस्तू असेल, पण काँक्रीटमधल्या चुन्याशी तिचं कॅल्शियम ऑक्झॅलेट होतं, ते पाण्यात विरघळत नाही आणि पांढुरकी झाक पक्की बसते.

केमिकलच्या दुकानात पीएच पट्ट्या मिळतात. तयार बादलीत पट्टी बुडवा. रंग ७ ते ९ च्या आसपास आला तर ठीक. खाली आला तर आम्ल. फार वर गेला तर कडक डिग्रीसर किंवा कपड्यांचा साबण पडतोय.

फिनाईल आम्ल नाही, पण तेलकट थर सोडतं. त्या थरावर धूळ चिकटते आणि महिनाभरात सगळं फ्लोअर धुरकट दिसायला लागतं. वास छान येतो म्हणून लोक सोडत नाहीत.

२. पाणी कुठलं?

हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. ऑफिसांत आरओचं वाया जाणारं पाणी पिंपात साठवतात आणि त्यानेच लादी पुसतात. पाणी वाचतं, चांगली गोष्ट आहे. पण आरओने पिण्याच्या पाण्यातले जे क्षार बाजूला काढले, तेच सगळे त्या पिंपात असतात. पाणी उडून जातं, क्षार जमिनीवर राहतात. बोअरच्या जड पाण्याचंही तेच. सिरॅमिक टाइलवर हे फारसं दिसत नाही. गडद राखाडी पॉलिशवर लगेच दिसतं.

तपासणी अशी: सगळ्यात पांढरट जागी दोन फूट बाय दोन फूट चौकोन मास्किंग टेपने आखा. आरओचं पिण्याचं पाणी घ्या, त्यात काही टाकू नका. स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसा, दुसऱ्या कोरड्या कापडाने लगेच टिपा. असं तीनदा करा. अर्धा तास थांबा आणि मग चौकोनाच्या आतबाहेर तुलना करा.

अर्धा तास थांबणं महत्त्वाचं. ओली असताना कुठलीही जमीन सुंदरच दिसते. थर असो, आम्लाने खाल्लेलं असो, बारीक ओरखडे असोत, पाणी सगळं झाकून टाकतं. मी ठेकेदारांना ओल्या फ्लोअरवर बिलाची सही घेताना पाहिलंय.

चौकोन स्पष्ट उजळला तर तुमचं काम इथेच झालं. मशीन नको, गार्ड नको. पाणी बदला, फिनाईल बंद करा, चार-पाच वेळा स्वच्छ पाण्याने स्क्रबर (जमीन धुण्याचं मशीन) फिरवा. क्षारांचा थर हट्टी असेल तर "थोडं आम्ल टाकू" हा मोह होईल. तो आवरा. ३००० ग्रिटचं पॅड हलकं फिरवलं की काम होतं. चौकोन जसाच्या तसा राहिला तर पुढे चला.

३. पायपुसणं आणि पॅडचा रंग

दारात मॅट आहे का, किती लांब आहे आणि शेवटचं कधी झाडलं? वाळूचे कण क्वार्ट्झचे असतात, सिमेंटपेक्षा कडक. बुटाखाली आलेला प्रत्येक कण म्हणजे फुकटचा पॉलिशपेपर, तोही उलट्या कामाचा. पावसाळ्यात माणसं चार-पाच पावलं मॅटवर चालतील इतकी लांबी हवी. दोन फुटांचं 'सुस्वागतम्' उपयोगाचं नाही.

मग स्क्रबर उलटा करून खालचं पॅड बघा. पांढरं किंवा लाल चालेल. हिरवं, तपकिरी, काळं ही घासून काढायची पॅड आहेत. काळं तर जुना मेणाचा थर खरवडायला असतं. घासटीचं लक्षण असेल आणि स्टोअरमध्ये हिरव्या पॅडचा गठ्ठा दिसला, तर फार शोधाशोध करू नका.

४. थेंब टाकून गार्ड जिवंत आहे का बघा

ड्रॉपरने पाण्याचे चार थेंब टाका: एक मंद वाटेवर, एक कपाटाखालच्या चकाचक जागी, दोन मध्येच कुठेतरी. मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावा. थेंब फुगीर राहिला आणि खालची जमीन काळवंडली नाही तर गार्ड शाबूत आहे. पसरून आत मुरला आणि गडद वर्तुळ पडलं तर गार्ड संपलाय.

गार्ड संपणं म्हणजे बिघाड नाही. वर्दळीच्या जागी तो झिजणारच, आणि मधूनमधून नव्याने द्यावा लागतो. खालची जमीन स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तर पातळ हात द्या आणि बर्निश करा. पातळ म्हणजे खरंच पातळ. जाड मारला की पट्टे दिसतात आणि पाणी साचलं की दुधाळ होतं. पण खाली आम्लाचे खड्डे किंवा ओरखडे असतील तर त्यावर गार्ड देणं म्हणजे खरकट्या ताटाला वरून फडकं मारणं. म्हणून आधी पुढची तपासणी.

५. टॉर्च, आणि गार्डखाली खरं काय आहे

रात्री दिवे बंद करा. मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा आणि उजेडाच्या रेषेत बघा. निरोगी पॉलिशवर एकसारखा मखमली पट्टा दिसतो. आम्लाने खाल्लेल्या जागी कातडीवरच्या कोडासारखे चट्टे दिसतात, बोटाच्या शेंड्याला खरबरीत लागतात. आणि गोल गोल रेघा दिसल्या तर या धंद्यातली सगळ्यात जुनी चलाखी तुमच्या पायाखाली आहे.

ती चलाखी अशी. १२० च्या मेटलवरून २०० वर, तिथून एकदम ८०० वर उडी. मधले पॅड वाचले, दोन रात्री वाचल्या. पण ८०० चं पॅड १२० चे ओरखडे काढूच शकत नाही, ते फक्त त्यांच्या टेकड्या चकचकीत करतं, दऱ्या तशाच राहतात. मग वर जाड गार्ड आणि बर्निशर. ग्लॉसमीटर ६० अंशांवर छान आकडा दाखवतो, कारण तो परतलेला उजेड मोजतो. ती चमक डायमंडची की गार्डची, हे त्याला कळत नाही. तीन-चार महिन्यांत गार्ड झिजला, दऱ्यांत मळ बसला आणि फ्लोअर पांढरं-करडं. पुन्हा गार्ड, पुन्हा तीन महिने. ज्यांचं दुखणं अगदी घड्याळ लावल्यासारखं ठरावीक महिन्यांनी परत येतं, त्यांच्याकडे मला बहुतेक वेळा हेच सापडलंय.

खात्री करायला एका कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागी, थिनरमध्ये भिजवलेला बोळा ठेवून मिनिटभराने पुसा. अॅक्रिलिक जातीचा गार्ड असेल तर चिकट होऊन निघून येतो. आता त्या उघड्या जागेवर टॉर्च मारा. तिथे चमक जवळपास तशीच राहिली तर पॉलिश खरं आहे. एकदम मंद सिमेंट दिसलं तर ठेकेदाराने तुम्हाला चमक भाड्याने दिली होती. थिनर पेट घेतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, सिगारेट नको, जवळ कुठलंही मशीन चालू नको.

आम्लाचा एखाद-दुसरा तळहाताएवढा डाग तुम्ही स्वतः काढू शकता. हाताचा डायमंड पॅड ४००, ८००, १५०० याच क्रमाने, भरपूर पाणी मारत, गोल फिरवत. प्रत्येक पॅडनंतर पुसून, वाळवून टॉर्चने बघा आणि ४०० चा ओरखडा पूर्ण गेल्याशिवाय ८०० हातात घेऊ नका. शेवटी गार्ड. आजूबाजूपेक्षा किंचित वेगळं दिसेल, तेवढं चालवून घ्या. डाग चार-पाचपेक्षा जास्त असतील तर हाताने करू नका, जमीन बिबट्यासारखी ठिपक्याठिपक्यांची होते.

६. खालून ओल येतेय का? (एक दिवस लागतो)

पांढरी पूड येणाऱ्यांनी इथे थांबून नीट वाचावं. पॉलिश केलेलं काँक्रीट श्वास घेतं. इपॉक्सीसारखं ते बंद होत नाही, हा त्याचा गुण. पण जमिनीतून वर येणारी वाफ काँक्रीटमधले क्षार बरोबर घेऊन येते, पृष्ठभागावर पाणी उडतं आणि क्षार राहतात. तुम्ही पुसता, ते परत येतात. यात पॉलिशचा काही दोष नाही.

जाड पारदर्शक पॉलिथिनचा ४५ सेंटिमीटर बाय ४५ सेंटिमीटर तुकडा घ्या. जमीन कोरडी पुसा आणि चारही कडा चांगल्या टेपने हवाबंद चिकटवा. निदान १६ तास ठेवा, मी रात्रभर धरून पूर्ण दिवस ठेवतो. थेट ऊन पडणारी जागा घेऊ नका. एक तुकडा पूड येणाऱ्या जागी आणि एक हॉलच्या मधोमध. काढताना पॉलिथिनच्या आतून थेंब दिसले किंवा खालची जमीन गडद झालेली असली तर ओल आहे.

उलटं मात्र नेहमी खरं नाही. एप्रिलमध्ये तुकडा कोरडा निघाला म्हणून ऑगस्टमध्ये ओल नाही असं होत नाही. शंका असेल तर जुलैच्या शेवटी पुन्हा लावा.

आता ते भिवंडीचं गोदाम. कॉलमच्या एकाच ओळीत दर पावसाळ्यात पांढरे पट्टे. मालकाने दोनदा पॉलिश आणि एकदा गार्ड करून घेतला होता. प्लास्टिक लावलं, सकाळी आतून टपटप थेंब. बाहेर छत्री घेऊन चक्कर मारली तर छताच्या पाण्याचा पाइप गटारापर्यंत पोचलाच नव्हता, बरोबर त्या ओळीच्या बाहेर जोत्याशी पाणी सोडत होता. प्लंबरने पाइप लांबवला, बाहेरच्या मातीला उतार दिला. पुढच्या पावसाळ्यात पूड किरकोळ आली, त्यानंतर नाही. मला त्या कामाचे जाण्यायेण्याचे पैसे मिळाले, इतकंच.

म्हणून आधी बाहेर बघा: पावसाचे पाइप, झाडांना पाणी, एसीचं पाणी, टाकीची गळती. बाहेर सगळं कोरडं असेल तर बहुधा स्लॅबखाली पॉलिथिनचा थर घातलेला नाही किंवा फाटलाय. ते घरगुती उपायांचं काम नाही.

७. डेन्सिफायरचे चट्टे

सोडियम सिलिकेट टाकलं की अर्ध्या तासाच्या आसपास ते घट्ट, निसरडं होतं. तेव्हा पाणी मारून ते हलवायचं आणि उरलेलं पूर्ण धुऊन ओढून घ्यायचं असतं. रात्रीचे अडीच वाजलेत, पोरं दमलीत, "सकाळी धुऊ" म्हणून ठेवलं की सकाळी पांढरी काच तयार. लिथियमवाल्यात हा त्रास कमी, पण तेही जास्त ओतलं की राहतंच.

आपल्याकडे फ्लाय अॅशचं (कोळशाची राख मिसळलेलं) सिमेंट सर्रास असतं आणि फ्लाय अॅश तो मोकळा चुना स्वतःच वापरते. डेन्सिफायरला प्रक्रियेसाठी कमी चुना उरतो. मुरलं नाही म्हणून माणूस आणखी ओततो आणि जास्तीचं वर सुकतं.

तपासणी: गरम पाणी, लाल पॅड, एक फूट जागा, दहा मिनिटं घासणं. चट्टा नवा असेल तर निघतो. जुना झाला असेल तर नखाने कोपरा उचलायचा प्रयत्न करा. काचेसारखा कडक लागला आणि हलला नाही तर तो घासूनच काढावा लागेल, म्हणजे रेझिनच्या १०० किंवा २०० पासून पुन्हा वरपर्यंत. तिथे तुमचा हात थांबला पाहिजे.

८. नाणं आणि हातोडीचा दांडा

हातोडीच्या लाकडी दांड्याने जमीन ठोकत चला. खणखणीत आवाज म्हणजे ठीक. बद्द आवाज म्हणजे वरचा थर खालच्यापासून सुटलाय. मग नाण्याची कड दाबून ओढा. पांढरी पूड निघून चर पडला तर पृष्ठभाग कच्चा आहे. पक्क्या काँक्रीटवर नाण्याचाच करडा धातू घासून रेघ उमटते, चर पडत नाही.

कच्चेपणाचं मूळ बहुतेक वेळा ओतकामाच्या दिवशी असतं. ट्रिमिक्सवाल्यांनी, म्हणजे ओल्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी व्हॅक्यूमने काढणाऱ्यांनी, व्हॅक्यूम नीट ओढला नाही, किंवा वर आलेलं पाणी टिपण्याऐवजी त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटून टाकलं. दिसायला तुळतुळीत, आतून बिस्किट. त्याला कुठलाही गार्ड वाचवत नाही. मऊ थर पूर्ण घासून काढून आतल्या खडीपर्यंत जावं लागतं. आपल्या बेसॉल्टची काळी खडी उघडी पडली की फ्लोअरचा चेहराच बदलतो. मालकाची त्याला तयारी आहे का, हे आधी विचारावं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बद्द आवाजाची जागा हातभरापेक्षा मोठी असेल. प्लास्टिकखाली पाणी आलं आणि बाहेर कारण सापडलं नाही. मग काँक्रीटमध्ये भोक पाडून आतली आर्द्रता मोजणारा लागतो, आणि एकाच बाजूने सुकणाऱ्या स्लॅबमध्ये तो जाडीच्या ४० टक्के खोलीवर मोजतो. भेगेच्या दोन कडा वरखाली झाल्या असतील तर पॉलिशवाला नको, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. २०० ग्रिटच्या खाली जायची गरज पडली तरी थांबा.

आणि भाड्याचं ग्राइंडर आणून कोरडं घासायचा विचार असेल तर तो आजच सोडा. त्या धुळीत डोळ्यांना न दिसणारी सिलिका असते, ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस बरा होत नाही. कारखाना कायदा, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतही तो आजार नोंदलेला होता. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम मशीनला जोडलेला हवा, शिवाय चांगला मास्क.

आलेल्या माणसाला काय विचाराल

पहिलं म्हणजे, सगळ्यात खराब जागी एक मीटर बाय एक मीटर नमुना करून दाखवा म्हणा, चांगल्या जागी नको. वाळल्यावर, तुमच्याच दिव्यांखाली, गार्ड लावण्याआधी एकदा आणि नंतर एकदा बघा. कुठले ग्रिट, कुठल्या क्रमाने, हे कागदावर लिहून घ्या.

मग विचारा की माझं काँक्रीट कडक आहे की मऊ, आणि सेगमेंट कुठला लावणार? बरोबर उत्तर ऐकायला उलटं वाटतं: कडक काँक्रीटला मऊ बाँड (सेगमेंटमध्ये डायमंड धरून ठेवणारा धातू), मऊ काँक्रीटला कडक बाँड. कडक जमिनीवर बाँड झिजला नाही तर बोथट झालेले डायमंड गळत नाहीत, नवे बाहेर येत नाहीत आणि मशीन नुसतं सरकत राहतं. मऊ जमीन उलट इतकी पूड सोडते की मऊ बाँड दुपारपर्यंत संपतो. हे विचारल्यावर जो गडबडला, त्याला नमुन्याआधीच चहा पाजून परत पाठवा.

डेन्सिफायर सोडियमचा की लिथियमचा, आणि सोडियमचा असेल तर धुवायला रात्री कोण थांबणार, तेही विचारा. शेवटचा प्रश्न स्लरीचा. ओल्या घासकामाची राखाडी लापशी तीव्र अल्कधर्मी असते आणि गटारात गेली की तिथेच दगड होते. ती पिंपात साठवून, बसू देऊन, घट्ट झाल्यावर कचऱ्यात नेणार का, हे विचारा. "वॉशरूमच्या जाळीत ओततो ना साहेब" असं उत्तर आलं, तर प्लंबरचा नंबर आजच हाताशी ठेवा.